खडा काढताना मूत्रपिंड सांभाळायचे कसे?

मूतखड्यांविषयी या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पूर्वी ‘ऑपरेशन टाळता येईल का’ हा प्रश्न हमखास असे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचल्यापासून प्रश्नाचा रोख बदलला आहे. खडा निघेल, पण त्यापायी मूत्रपिंडाला इजा होईल का, असे वाचक आता विचारतात. या विषयावरची पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे वय ५२. उजव्या मूत्रपिंडात २२ मिलिमीटरचा खडा आहे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम घटले की रक्तात वाढणारे टाकाऊ द्रव्य) १.३ आहे. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी पाठीतून छिद्र पाडून खडा काढण्याचा, म्हणजे पीसीएनएलचा सल्ला दिला आहे. आमच्या परिचयातील एक गृहस्थ म्हणतात की, किडनीला एकदा भोक पाडले की ती हळूहळू निकामी होते, त्यापेक्षा खालून लेझरने काढून घ्या. हे खरे आहे का? ऑपरेशनच्या वेळी किडनी जपण्यासाठी मी स्वतः काय करू शकतो? (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : छिद्रापासूनच सुरुवात करतो. पीसीएनएलची पहिली नोंद स्वीडनमधील फर्नस्ट्रोम आणि योहान्सन या डॉक्टरांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यापूर्वी एवढा खडा काढायचा म्हणजे कुशीत वीतभर छेद घेऊन मूत्रपिंडापर्यंत पोहोचावे लागे, आणि खडा आडवळणाच्या कप्प्यात असेल तर मूत्रपिंडालाच चीर द्यावी लागे. पीसीएनएलमध्ये रुग्णाला बहुधा पालथे झोपवून, एक्स-रे किंवा सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, पाठीतून एक सुई मूत्रपिंडाच्या आतल्या कप्प्यात नेतात, सुईतून तार सोडतात आणि त्या तारेवरून एकाहून एक जाड नळ्या सरकवत वाट रुंद करतात. या नळ्यांची जाडी ‘फ्रेंच’ नावाच्या मापात सांगतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. नेहमीची वाट २४ ते ३० फ्रेंचची, म्हणजे ८ ते १० मिलिमीटरची असते. ‘मिनी’ पद्धतीत ती १४ ते २० फ्रेंचची असते. ही वाट कापून केलेली नसते. मूत्रपिंडाचा मांसल भाग बाजूला सारून ती तयार होते, नळी काढली की दोन्ही कडा पुन्हा जवळ येतात आणि मागे एक बारीक व्रण राहतो. सुमारे दीडशे ग्रॅम वजनाच्या आणि दहा लाखांच्या आसपास गाळण्या असलेल्या अवयवात त्या व्रणाने व्यापलेली जागा इतकी थोडी असते, की बहुतेक रुग्णांत नंतरच्या तपासण्यांत कार्यक्षमता घटल्याचे आढळत नाही. ज्यांचा खडा लघवीची वाट अडवून बसलेला असतो, त्यांच्यात ती पुष्कळदा सुधारते.

सुई कोठून आत जाते, हे मात्र छिद्राच्या जाडीइतकेच महत्त्वाचे आहे. मूत्रपिंडाच्या रोहिणीच्या पुढच्या आणि मागच्या शाखा जेथे एकमेकींना भेटतात, त्या हद्दीवर रक्तवाहिन्या विरळ असतात, हे माक्स ब्रोडेल यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. ब्रोडेल डॉक्टर नव्हते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे शरीररचनेची चित्रे काढणारे ते चित्रकार होते. आजही शल्यचिकित्सक मागच्या बाजूच्या कप्प्याच्या टोकातून, याच विरळ पट्ट्यातून सुई घालण्याचा प्रयत्न करतो. कप्प्याच्या मानेत किंवा थेट मधल्या पोकळीत सुई गेली, तर मोठ्या रक्तवाहिनीला धक्का लागण्याचा धोका वाढतो. म्हणून ‘किती फ्रेंचचे छिद्र’ यापेक्षा सुई घालणारा हात किती सरावाचा आहे, याला मी अधिक महत्त्व देतो.

आपल्या परिचयातील गृहस्थांनी पाहिलेली एखादी घटना खरीही असेल. पण ऑपरेशननंतर निकामी ठरलेली पुष्कळ मूत्रपिंडे ऑपरेशनपूर्वीच, वर्षानुवर्षांच्या अडथळ्याने, संपत आलेली असतात. मूत्रपिंडाला खरी इजा होते ती आतल्या दाबाने, जंतूंनी, रक्तदाब पडल्याने आणि उशिराने. यांपैकी दाबाविषयी रुग्णांना कोणी फारसे सांगत नाही, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो.

दुर्बिणीतून दिसावे म्हणून आत सतत सलाईन सोडावे लागते. मूत्रपिंडाच्या पोकळीतला दाब एरवी फार तर १०-१५ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याइतका असतो. तो साधारण ४० सेंटिमीटरच्या पुढे गेला, की आतले पाणी उलट दिशेने नलिकांत, लसीकावाहिन्यांत आणि शिरांत शिरू लागते. त्या पाण्यात जंतू किंवा त्यांचे विष असेल तर तेही रक्तात जाते. मग काही तासांत रुग्णाला हुडहुडी भरते, रक्तदाब पडतो, आणि हृदयाने बाहेर टाकलेल्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा ज्या दोन अवयवांना लागतो, त्यांचाच पुरवठा आटतो. आमच्या थिएटरमध्ये सलाईनची पिशवी टांगण्याच्या स्टँडवर चिकटपट्टीची एक खूण आहे. रक्ताने पडदा लाल झाला, की मदतनिसाचा हात सवयीने पिशवी वर सरकवायला किंवा दाबायला जातो. ती खूण त्या हातासाठी आहे. अशा वेळी पाणी बाहेर येण्याची वाट मोकळी आहे की नाही ते आधी पाहायचे असते.

‘जितके बारीक छिद्र, तितके मूत्रपिंड सुरक्षित’ हे समीकरण पुरते खरे नाही, त्याचे कारणही हाच दाब. २०११ मध्ये गुजरातमधील नडियाद येथील महेश देसाई आणि सहकाऱ्यांनी पाच फ्रेंचपेक्षाही बारीक सुईतून खडा फोडण्याची ‘मायक्रोपर्क’ पद्धत प्रसिद्ध केली. निवडक लहान खड्यांसाठी ती उत्तम कल्पना आहे. परंतु छिद्र बारीक झाले की रक्तस्राव कमी होतो आणि पाणी व चुरा बाहेर येण्याची जागाही कमी होते. मोठा खडा बारीक नळीतून काढायचा तर वेळ वाढतो आणि दाबावर नजर अधिक ठेवावी लागते. अलीकडच्या काही नळ्यांना बाजूने खेचून घेण्याची, म्हणजे सक्शनची सोय असते. तिने दाबही उतरतो आणि चुराही निघतो.

खालून लेझरने खडा काढण्याला आरआयआरएस म्हणतात. त्यात छिद्र नसते, पण वरच्या सर्व अडचणी असतात, कारण पाणी मूत्रपिंड आणि मूत्राशय जोडणाऱ्या बारीक मूत्रवाहिनीतूनच आत जायचे आणि तेथूनच बाहेर यायचे. शिवाय लेझरने आतले पाणी तापते. लेझरची शक्ती जास्त आणि पाण्याचा प्रवाह कमी असेल, तर कप्प्यातले तापमान पेशींना इजा होण्याइतके चढू शकते. वीस मिलिमीटरपर्यंतच्या खड्यांना ही पद्धत सोयीची आहे. त्यापुढे वेळ लांबतो आणि कधी दोन बैठका लागतात. आपला खडा २२ मिलिमीटरचा आहे. मी आपल्या डॉक्टरांशी सहमत आहे.

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू. पहिली गोष्ट, लघवीची कल्चर तपासणी. साध्या तपासणीत पेशी दिसतात. जंतू कोणता आणि त्याला कोणते औषध लागू पडते, हे कल्चरमध्ये कळते आणि त्याला दोन-तीन दिवस लागतात. जंतू आढळले तर औषधाचा ठरवून दिलेला कोर्स घेतल्यावरच शस्त्रक्रिया व्हावी. तारीख आठवडाभर पुढे गेली म्हणून कुरकुर करू नये. कल्चर निर्दोष असूनही खड्यामागे जंतू दडून बसलेले असू शकतात, हेही खरे. पहिली सुई आत जाते आणि स्वच्छ लघवीऐवजी गढूळ, पांढुरके थेंब येतात, तेव्हा थिएटरमध्ये सगळे क्षणभर गप्प होतात. त्या वेळी खडा फोडायला न जाता एक नळी ठेवून बाहेर येणे, हेच योग्य ऑपरेशन असते. शुद्धीवर आल्यावर ‘खडा तसाच आहे’ असे ऐकावे लागले, तर आपल्या डॉक्टरांवर रागावू नये.

दुसरी गोष्ट, आपल्या गोळ्या. चालू औषधांची यादी भूलतज्ज्ञांना लेखी द्यावी. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या सकाळी बहुधा थांबवतात, कारण भुलेखाली त्यांच्यामुळे रक्तदाब जास्त उतरू शकतो. मधुमेहाच्या गोळ्यांत डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल, तर ती साधारण तीन दिवस आधी बंद करावी लागते. मेटफॉर्मिनबद्दलही विचारून घ्यावे. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल, तर ती कधी थांबवायची हे शल्यचिकित्सक आणि हृदयरोगतज्ज्ञ या दोघांनी मिळून ठरवावे. स्वतःच्या मनाने थांबवू नये. आणि कुशीत दुखते म्हणून औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा तत्सम गोळ्या आणून घेणे पूर्ण बंद करावे. पोटात पाणी कमी, रक्तदाबाची गोळी चालू आणि वर ही वेदनाशामक गोळी, असा मेळ जमला की मूत्रपिंडाला शस्त्रक्रियेची वाट पाहावी लागत नाही. ते आधीच आजारी पडते.

तिसरी, पाणी. ‘रात्रीपासून थेंबही नको’ ही जुनी सूचना अजून पुष्कळ ठिकाणी दिली जाते. अन्न सहा ते आठ तास आधी बंद करावे लागते. साधे पाणी मात्र सामान्यतः भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत चालते. दुपारी दोनची वेळ असलेला रुग्ण सोलापूरच्या मे महिन्यात आदल्या रात्रीपासून कोरडा राहिला, तर त्याचे मूत्रपिंड सुकलेल्या अवस्थेतच टेबलावर येते. आपल्या बाबतीत मधुमेहामुळे जठर उशिरा रिकामे होत असेल, तर नियम थोडा बदलतो. म्हणून ही वेळ भूलतज्ज्ञांकडून स्पष्ट विचारून घ्यावी आणि उशीर होणार असेल तर शिरेतून सलाईन लावण्याची विनंती करावी.

आपल्या क्रिएटिनिनविषयी. १.३ हा आकडा प्रयोगशाळेच्या कागदावर जेमतेम वरच्या मर्यादेबाहेर दिसतो. वय आणि लिंग धरून हिशेब केला, तर गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, सुमारे ६६ येतो. तो वाईट नाही, पण निष्काळजी राहण्याइतका चांगलाही नाही. शिवाय क्रिएटिनिन दोन्ही मूत्रपिंडांचे एकत्रित काम सांगते. एक बिघडले तरी दुसरे भार उचलते आणि आकडा बराच काळ सभ्य राहतो. सोनोग्राफीत उजवे मूत्रपिंड फुगलेले किंवा पातळ दिसत असेल, तर प्रत्येक बाजू किती टक्के काम करते हे सांगणारा रेनोग्राम शस्त्रक्रियेपूर्वी करून घ्यावा. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन किंचित चढले तर घाबरू नये. ते महिन्याने आणि पुन्हा तीन महिन्यांनी कोठे स्थिरावते, त्यावरून निष्कर्ष काढावा.

आणखी एक. घरी गेल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत लघवीला अचानक गडद लाल रक्त आले, गाठी पडल्या किंवा चक्कर आली, तर रात्र असली तरी रुग्णालयात जावे. क्वचित सुईच्या मार्गावरील रोहिणीला फुगा येऊन तो उशिरा फुटतो. अँजिओग्राफी करून नेमकी ती बारीक फांदी आतून बंद करता येते आणि बाकीचे मूत्रपिंड वाचते.

प्रश्न : माझ्या भावाला (वय ४४, मधुमेह) डाव्या मूत्रवाहिनीत ८ मिलिमीटरचा खडा निघाला. थंडी वाजून ताप आणि साखर ३४० होती. खडा काढण्याचे ठरवून थिएटरमध्ये नेले, पण डॉक्टरांनी फक्त स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची तात्पुरती नळी) घालून बाहेर आणले आणि दोन आठवड्यांनी पुन्हा या म्हणून सांगितले. खर्च दोनदा होणार. दुर्बीण आत गेलीच होती, तर खडा तेव्हाच का काढला नाही? आमची फसवणूक झाली आहे का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : नाही. आपल्या भावाच्या बाबतीत जे झाले ते बरोबर झाले, आणि मी त्या जागी असतो तर हेच केले असते.

ताप, थंडी, चढलेली साखर आणि लघवीची तुंबलेली वाट एकत्र आली, की खड्याच्या वरची लघवी म्हणजे दाबाखाली साठलेला पू असतो. अशा वेळी खडा फोडायला गेले तर पाण्याच्या दाबाने तो पू थेट रक्तात ढकलला जातो. रुग्ण अतिदक्षता विभागात जातो तो अशाच घाईने. त्यामुळे जगभर नियम एकच आहे: आधी वाट मोकळी करायची, जंतूंवर औषध द्यायचे आणि खडा नंतर काढायचा. वाट मोकळी करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, आतून डीजे स्टेंट घालणे; दुसरा, पाठीतून मूत्रपिंडात बारीक नळी सोडणे. दोन्ही सारखेच उपयोगी आहेत. त्या रात्री जे लवकर आणि सुरक्षितपणे होईल ते करावे. मधुमेही रुग्णांत तर मूत्रपिंडात वायू तयार करणारा जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि तेथे काही तासांचा उशीरही महागात पडतो.

दोन आठवड्यांत आणखी एक फायदा होतो. स्टेंटमुळे मूत्रवाहिनी सैल आणि थोडी रुंद होते, त्यामुळे दुसऱ्या वेळी दुर्बीण सहज वर जाते आणि धक्का कमी बसतो. या काळात स्टेंटमुळे वारंवार लघवीला लागणे, लघवी करताना कुशीत दुखणे, अधूनमधून लालसर लघवी होणे हे त्रास होतील. ते अपेक्षित आहेत. ताप पुन्हा आला तर मात्र दोन आठवडे थांबू नये. आधी दिलेल्या औषधाचा कोर्स पुरा करावा, साखर आटोक्यात आणावी आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेपूर्वी कल्चर पुन्हा करावे.

खर्चाविषयी आपली तक्रार रास्त आहे. तो पेलणे सोपे नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूतखड्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया समाविष्ट आहेत. अंगीकृत रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका आणि ओळखपत्र दाखवून आपल्या भावाचे प्रकरण बसते का, हे दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी विचारावे. नंतर विचारून उपयोग होत नाही.

प्रश्न : आईचे वय ६१. डावे मूत्रपिंड लहानपणापासून आक्रसलेले आहे, काम करत नाही. उजव्यात तोंडाशी १४ मिलिमीटरचा खडा अडकला असून मूत्रपिंड फुगले आहे. दोन महिन्यांपूर्वी क्रिएटिनिन १.५ होते, आता २.४ आहे. एका डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया सांगितली, नातेवाईक म्हणतात की एकच किडनी आहे, तिला हात लावू नका, कुळथाचे कढण आणि पानफुटीची पाने चालू करा. काय करावे? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : एकच मूत्रपिंड आहे, म्हणूनच थांबू नये. २.४ या आकड्यावरून आपल्या आईचा गाळण्याचा वेग २२ च्या आसपास येतो. पंधराच्या खाली गेल्यावर डायलिसिसची भाषा सुरू होते. दोन महिन्यांत झालेली ही घसरण बहुतांशी अडथळ्याची असेल, तर ती भरून निघण्याजोगी आहे, पण ही संधी कायम राहत नाही. पूर्ण अडथळा थोड्या दिवसांत दूर झाला तर मूत्रपिंड बऱ्याच अंशी सावरते. कित्येक आठवडे तसाच राहिला तर गाळण्या मरतात आणि मेलेल्या गाळण्या पुन्हा येत नाहीत. कुळथाचे कढण जेवणात असू द्यावे, त्याला माझा विरोध नाही. पण १४ मिलिमीटरचा खडा चार मिलिमीटरच्या मूत्रवाहिनीतून कोणत्याही काढ्याने उतरणार नाही, आणि त्या प्रतीक्षेत जे दिवस जातील ते आईच्या मूत्रपिंडाचे जातील. ‘मूतखड्यावर रामबाण’ म्हणून मिळणारी घटक न छापलेली चूर्णे तर अजिबात देऊ नयेत.

प्रत्यक्ष क्रम असा असावा असे मला वाटते. प्रथम स्टेंट किंवा पाठीतून नळी घालून वाट मोकळी करावी. लगेच खडा काढण्याचा आग्रह मी धरणार नाही. नळी घातल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत लघवी धो-धो होऊ शकते. तुंबलेले मूत्रपिंड मोकळे झाल्याचे ते लक्षण असते, पण त्यातून पाणी आणि क्षार फार जाऊ शकतात, म्हणून आत किती गेले आणि बाहेर किती आले याची दर तासाची नोंद रुग्णालयात ठेवली पाहिजे. क्रिएटिनिन उतरत उतरत ज्या आकड्यावर थांबेल, तो आकडा आईच्या मूत्रपिंडाची खरी ताकद सांगेल. त्यानंतर खड्याचे ऑपरेशन ठरवावे. एकुलत्या मूत्रपिंडात रक्तस्रावाची किंमत मोठी असल्याने १४ मिलिमीटरच्या खड्यासाठी मी आरआयआरएसकडे झुकेन, पण खड्याची जागा आणि घट्टपणा पाहून मिनी पीसीएनएलही योग्य ठरू शकते. हा निर्णय पत्रावरून देता येत नाही.

तपासणीसाठी सीटी स्कॅन साधा, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य न देता करावा. खडा दिसायला तेवढा पुरतो आणि रंगद्रव्याचा भार वाचतो. जेंटामायसिन आणि अमिकासिन ही जंतुनाशके मूत्रपिंडाला जड जातात. त्यांना पर्याय आहे का, असे विचारण्यात संकोच करू नये. मूत्रविकारतज्ज्ञ, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्ट, सुरुवातीपासून सोबत असलेले बरे. आणि एक गोष्ट लक्षात ठेवावी: आईला अर्धा दिवस लघवीच झाली नाही, तर ती आणीबाणी आहे. सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नये.

प्रश्न : बाहेरून शॉक देऊन खडा फोडण्यात ना छिद्र, ना दुर्बीण. मग मूत्रपिंडासाठी तीच पद्धत सर्वांत सुरक्षित नाही का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : लहान आणि फार घट्ट नसलेल्या खड्यासाठी ती चांगली पद्धत आहे. म्युनिकमध्ये १९८० साली पहिल्या रुग्णावर ती वापरली गेली, तेव्हा शल्यचिकित्सकांना आपला धंदा बसणार असे वाटले होते. पण शॉक म्हणजे दाबाच्या लहरी; त्या खड्यावर आदळतात तशा आसपासच्या मांसल भागातूनही जातात आणि बारीक रक्तवाहिन्यांना मार बसतो. क्वचित मूत्रपिंडाभोवती रक्त साठते. हे टाळण्याची युक्ती साधी आहे. सुरुवात कमी शक्तीच्या लहरींनी करून ती हळूहळू वाढवायची, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आधीच आकुंचन पावतात आणि इजा कमी होते. आणि वेग मिनिटाला १२० न ठेवता ६० ते ९० ठेवायचा. याने खडाही अधिक चांगला फुटतो. बैठक लवकर उरकावी असा आग्रह रुग्णानेच धरू नये, हे त्यामुळेच.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना, रक्तदाब आटोक्यात नसताना, लघवीत जंतू असताना, खड्याच्या खाली वाट अरुंद असताना आणि गरोदरपणात शॉक देत नाहीत. शिवाय फुटलेला चुरा स्वतःच खाली उतरायचा असतो. तो मूत्रवाहिनीत रांग लावून बसला, तर अडथळ्याचा प्रश्न पुन्हा सुरू होतो. म्हणून दुखणे थांबले तरी महिन्याच्या आत सोनोग्राफी करून घ्यावी.

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी खड्याच्या ऑपरेशनच्या वेळी स्टेंट घातला होता. सहा आठवड्यांनी काढायला बोलावले होते, पण ऊसतोडीला जावे लागले. आता काहीच त्रास नाही. तो काढलाच पाहिजे का? (एक वाचक, बीड जिल्हा)

उत्तर : या आठवड्यात. त्रास नसणे ही चांगली खूण नाही. सुरुवातीला टोचणारा स्टेंट पुढे मुकाट होतो आणि तोवर त्यावर खड्याचा थर चढत असतो. स्टेंट ही तात्पुरती नळी आहे आणि सामान्यतः तीन महिन्यांच्या आत ती निघाली किंवा बदलली गेली पाहिजे. उन्हात राबून लघवी घट्ट होत असेल तर थर आणखी वेगाने चढतो. मी ज्यांच्यावर शस्त्रक्रिया केल्या, त्यांत खड्यापेक्षा विसरलेल्या स्टेंटने मूत्रपिंड गमावलेले रुग्णही आहेत. एकाच्या स्टेंटचे वरचे टोक लिंबाएवढ्या खड्यात बुडालेले होते. तो स्टेंट काढायला तीन शस्त्रक्रिया लागल्या, आणि मूळचा खडा ९ मिलिमीटरचा होता.

दोष केवळ आपला आहे असे मी म्हणणार नाही. कारखान्याच्या फडावर पाच-सहा महिने राहणाऱ्या माणसाला ‘सहा आठवड्यांनी या’ असे तोंडी सांगून सोडणारे आम्हीही तितकेच चुकतो. स्टेंट घातलेल्यांची वेगळी वही ठेवून तारीख उलटली की फोन करणे कोणत्याही दवाखान्याला अवघड नाही.

आधी पोटाचा साधा एक्स-रे काढावा; स्टेंट पांढऱ्या रेषेसारखा दिसतो आणि त्यावर थर असेल तर रेषा जाड, गाठाळ दिसते. थर नसेल तर लघवीच्या मार्गात सुन्न करणारी जेली घालून, दुर्बिणीच्या चिमट्याने तो काही मिनिटांत निघतो आणि आपण त्याच दिवशी घरी जाऊ शकाल. थर असेल तर ओढून काढण्याचा प्रयत्न कोणालाही करू देऊ नये, कारण त्यात मूत्रवाहिनी फाटू शकते. अशा वेळी थर आधी फोडावा लागतो. जिथे ऑपरेशन झाले ते रुग्णालय लांब पडत असेल, तर जवळच्या जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात जावे आणि जाताना डिस्चार्जचा कागद सोबत ठेवावा. स्टेंट डाव्या बाजूला आहे, उजव्या की दोन्हींकडे, ते त्यावर लिहिलेले असते.